ऑपरेशननंतर पोटात राहिलेली वस्तू फिल्मवर कशी ओळखतात?

'पोटात कात्री राहिली', 'पोटातून कापडाचा बोळा निघाला' अशा मथळ्याची बातमी वर्षातून एकदोनदा तरी वाचायला मिळतेच. ती आली की आठवडाभर दवाखान्यात दुसरा विषय नसतो. ज्यांच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला पंधरा वर्षे होऊन गेली, तेही पोटावर हात ठेवून विचारतात, "डॉक्टर, आमच्या पोटात तर काही नसेल ना?" ज्यांचे हर्नियाचे ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलेले असते, ते तारीख पुढे ढकलतात. काहीजण तर सरळ एक्स-रे केंद्रात जाऊन स्वतःच्या मनाने पोटाचा फोटो काढून आणतात आणि 'नॉर्मल आहे' म्हणून निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणाही फसवा असू शकतो. तो का, हे आज समजावून घेऊ.

प्रथम प्रमाण सांगतो, म्हणजे विनाकारण भीती नको. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एका मोठ्या विमा संस्थेकडे १९८५ ते २००१ या काळात आलेल्या अशा प्रकरणांचा अभ्यास बोस्टनच्या डॉक्टरांनी केला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रमुख होते सर्जन अतुल गावंडे. त्यांचे वडील मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. या अभ्यासाचा अंदाज असा की, रुग्णालयात होणाऱ्या सुमारे नऊ हजार ते एकोणीस हजार ऑपरेशनांमागे एकदा असा प्रकार घडतो. दाव्यापर्यंत न पोचलेली प्रकरणे यात धरलेली नाहीत, तेव्हा खरा आकडा थोडा जास्तच असणार. तरीही ही घटना विरळाच म्हणायची.

या अभ्यासात ५४ रुग्णांच्या शरीरात मिळून ६१ वस्तू राहिल्या होत्या. बातमीत कात्री असते, पण प्रत्यक्षात यातील शेकडा ६९ वस्तू म्हणजे रक्त टिपायचे कापड, आम्ही ज्याला गॉज किंवा मॉप म्हणतो ते होते. ५४ पैकी ३७ जणांचे पुन्हा ऑपरेशन करावे लागले आणि एक रुग्ण दगावला. तातडीच्या ऑपरेशनात हा धोका जवळजवळ नऊ पटीने वाढलेला आढळला. ऑपरेशन चालू असताना आयत्या वेळी बेत बदलावा लागला तर तो चौपट झाला. रुग्ण स्थूल असेल तरीही धोका वाढतो. रात्री दोन वाजता रक्तस्राव होत असलेली बाळंतीण टेबलावर आहे, सगळ्यांची धावपळ चालली आहे, अशा वेळी काय होऊ शकते याची कल्पना वाचकांनी करावी.

कापडच का राहते? मॉप कोरडा असताना हातरुमालाएवढा पांढराशुभ्र असतो. रक्तात भिजला की त्याचा मुठीएवढा गोळा होतो. आतड्याच्या वेटोळ्यांत तो सरकला की त्याचा रंग आजूबाजूच्या मांसासारखाच दिसतो. म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर सुरुवातीला सगळे मॉप, गॉज, सुया आणि हत्यारे मोजते, पोट शिवण्यापूर्वी पुन्हा मोजते आणि कातडी शिवताना आणखी एकदा. आकडा फळ्यावर लिहितात, वापरलेले मॉप पाच-पाचच्या रांगेत मांडून ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची जी यादी तयार केली, तिच्यातही रुग्ण थिएटरबाहेर नेण्यापूर्वी ही मोजणी पुरी झाल्याचे मोठ्याने सांगायचे असते. गोष्ट साधी आहे, पण मोजणी माणसेच करतात. वरच्या अभ्यासातील ज्या प्रकरणांत मोजणी झाल्याची नोंद होती, त्यांतील शेकडा ८८ प्रकरणांत 'मोजणी बरोबर' असेच लिहिलेले होते! म्हणून केवळ मोजणीच्या कागदावर विसंबून चालत नाही.

शरीर काय करते?

आत राहिलेल्या कापडाशी शरीर दोन तऱ्हेने वागते. पहिली तऱ्हा लवकर दिसते. कापडाभोवती जंतू वाढतात आणि पू होतो. ऑपरेशननंतर चार-आठ दिवसांत ताप उतरत नाही, पोट फुगते, वारा सरत नाही, उलट्या होतात. कधी टाक्याची जखम भरते, पुन्हा फुटते, वाहते, पुन्हा भरते आणि असे महिनोन्‌महिने चालते. दुसरी तऱ्हा शांत असते. जंतू नसले तर शरीर त्या कापडाभोवती जाड आवरण विणते आणि त्याला कोंडून टाकते. असा रुग्ण वर्षानुवर्षे ठीक असतो किंवा अधूनमधून पोट दुखते एवढीच तक्रार करतो. पुढे केव्हातरी पोटात गाठ हाताला लागते. कधी ते कापड आतड्याची भिंत झिजवून आतड्यात शिरते आणि आतड्याला अडथळा करते. क्वचित ते शौचावाटे बाहेर पडल्याचीही उदाहरणे आहेत.

वैद्यकीय पुस्तकांत अशा गाठीला 'गॉसिपिबोमा' म्हणतात. गॉसिपियम म्हणजे कपाशी. आपल्या शेतातल्या कपाशीच्या झाडाचे शास्त्रीय नाव तेच. बोमा हा आफ्रिकेतील स्वाहिली भाषेतील शब्द, अर्थ लपण्याची जागा. रिपोर्टवर हा शब्द दिसला तर तो कॅन्सरचा प्रकार समजून कोणी घाबरू नये. शेवटी 'ओमा' आले म्हणून पुष्कळजण घाबरतात.

हे किती जिवावर बेतू शकते याचे एक उदाहरण आपल्या मराठवाड्यातलेच आहे आणि ते कायद्याच्या पुस्तकात गेलेले आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) सिव्हिल हॉस्पिटलमध्ये एक महिला १० तारखेला बाळंतपणासाठी दाखल झाली. त्याच दिवशी तिला मुलगा झाला. १३ तारखेला तिचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले. त्यानंतर पोटात दुखू लागले, ताप चढला आणि तो उतरेना. १९ तारखेला दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडले, तेव्हा आत मॉप सापडला आणि पू झालेला होता. २४ तारखेला ती गेली. घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने ३६ हजार रुपये भरपाई दिली, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरच्यांच्या बाजूने निकाल दिला. पोटात मॉप राहणे ही गोष्ट निष्काळजीपणाशिवाय घडत नाही, तो नेमका कोणाच्या हातून राहिला हे रुग्णाच्या घरच्यांनी सिद्ध करत बसण्याची गरज नाही आणि सरकारी दवाखाना असला तरी सरकारची जबाबदारी टळत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. बाळंतपणात आई गमावलेले ते मूल निकालाच्या वेळी बत्तीस वर्षांचे झालेले असणार.

त्या काळी आपल्याकडे सोनोग्राफी नव्हती. सीटी स्कॅन तर जगातच नव्हता, त्यावर पहिला रुग्ण लंडनमध्ये १९७१ साली तपासला गेला. डॉक्टरच्या हाताशी होता तो फक्त एक्स-रे आणि स्वतःचा अनुभव. आज तालुक्याच्या गावीही सोनोग्राफी होते आणि जिल्ह्याला सीटी स्कॅन आहे. पण या यंत्रांना काय दिसते आणि काय दिसत नाही हे माहीत असायला हवे.

एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटी

एक्स-रेच्या फिल्मवर हाड आणि धातू पांढरे दिसतात, हवा काळी दिसते आणि मांस, रक्त, पाणी हे सगळे राखी. कात्री, चिमटा राहिला असेल तर तो शेंबड्या पोरालाही दिसेल. सुई दिसते, पण एक सेंटिमीटरहून लहान सुई निसटू शकते. अडचण कापडाची आहे. सुती कापड आणि मांस फिल्मवर सारखेच राखी दिसतात, म्हणजे कापड दिसतच नाही. यावर उपाय म्हणून चांगल्या प्रतीच्या गॉज आणि मॉपमध्ये बेरियमचा धागा घातलेला असतो. पोटाचा एक्स-रे काढण्यापूर्वी जे पांढरे पीठ पाण्यात कालवून प्यायला देतात, तेच हे बेरियम. फिल्मवर हा धागा शिलाईच्या रिळातून सुटलेल्या दोऱ्यासारखा, वेडावाकडा गुंतलेला पांढरा दिसतो. शरीरातली कोणतीही शीर, कोणतेही हाड असे वळत नाही. एकदा पाहिलेला डॉक्टर तो पुन्हा ओळखतो.

पण सगळ्याच गॉजमध्ये धागा नसतो. गॉजचे थान आणून, कापून, घड्या घालून, वाफेवर निर्जंतुक करून वापरायची पद्धत आपल्याकडे कित्येक वर्षे चालत आलेली आहे. पोटाच्या ऑपरेशनसाठी बिनधाग्याचे कापड मुळीच वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. चार पैसे वाचवायची ही जागा नव्हे. असे कापड आत राहिले तर एक्स-रेवर दिसेल ती फक्त त्याच्या विणीत अडकलेली हवा, बारीक बारीक काळे ठिपके, मधमाशीच्या पोळ्यासारखे. आणि गंमत अशी की, मोठ्या आतड्यातला मळही फिल्मवर थेट असाच दिसतो. अशा वेळी जाणते डॉक्टर एकदोन दिवसांनी पुन्हा फोटो काढायला सांगतात. मळ पुढे सरकतो, कापड तिथेच राहते. म्हणून 'एकदा काढला ना फोटो, पुन्हा कशाला?' असा वाद घालू नये. हवाही शोषली गेलेली असेल तर एक्स-रे अगदी साफ दिसेल. सुरुवातीला ज्या निर्धास्तपणाविषयी लिहिले तो यामुळे फसवा ठरतो.

फोटो काढण्याची पद्धतही महत्त्वाची. बरगड्यांच्या खालपासून जांघेपर्यंत सगळे पोट फिल्मवर यायला हवे. अर्ध्या पोटाच्या फोटोवरून काही नाही असे म्हणता येत नाही. धागा पाठीच्या मणक्यावर किंवा कमरेच्या हाडावर आला तर पांढऱ्यावर पांढरा दिसत नाही, म्हणून समोरून आणि बाजूने असे दोन फोटो काढतात. उलट बाजूही आहे. चांदीचा करदोटा, दंडातला ताईत, परकराला लावलेली सेफ्टी पिन, साडीचा जरीचा काठ हे सगळे फिल्मवर उमटते आणि पोटातल्या वस्तूसारखे भासते. एक्स-रेवाला कपडे बदलायला सांगतो ते यासाठी. करदोटा काढायला पुष्कळांचा नकार असतो, तेव्हा निदान तो वर सरकवून तरी घ्यावा.

सोनोग्राफीत राहिलेले कापड पुढच्या बाजूला एक चमकदार वळणदार रेघ आणि तिच्यामागे गडद काळी सावली असे दिसते, जणू पडदा टाकला आहे. पित्ताशयातला खडा असाच दिसतो, आतड्यातला वायू पुष्कळसा असाच दिसतो आणि बीजकोशाची डर्मॉइड नावाची गाठही अशीच दिसते. जुन्या ऑपरेशनची माहिती नसेल तर सोनोग्राफी करणारा डॉक्टर 'बीजकोशाची गाठ' असे लिहून मोकळा होतो आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नाही. त्याच्यापुढच्या फॉर्मवर फक्त 'पोटदुखी' एवढेच लिहिलेले असते.

सर्वांत भरवशाची तपासणी सीटी स्कॅनची. त्यात पोटाचे पातळ काप केल्यासारखी चित्रे मिळतात. जाड आवरण असलेली गोल गाठ, तिच्यात स्पंजासारखी रचना, घड्यांमध्ये अडकलेले हवेचे बुडबुडे आणि धागा असेल तर लखलखीत पांढरी रेघ असे चित्र दिसले की निदान जवळजवळ पक्के. पुवाच्या साध्या गळवातही हवा असू शकते, पण ती बहुधा वर जमते आणि खाली पू राहून मध्ये सरळ रेषा दिसते. कापडातली हवा घड्यांत विखुरलेली असते. एक फसवणूक मात्र इथेही आहे. रक्तस्राव थांबवण्यासाठी सर्जन कधी कधी आपोआप विरघळणारे जाळीसारखे औषधी कापड मुद्दाम आत ठेवतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सीटीवर तेही बुडबुड्यांच्या गाठीसारखे दिसते. ते ठेवले होते की नाही हे फक्त ऑपरेशनच्या नोंदीवरून कळते. म्हणून फोटो वाचणाऱ्या डॉक्टरला तो कागद दाखवावा लागतो.

एमआरआय महाग असते म्हणून ते अधिक चांगले, अशी समजूत आहे. या कामासाठी ती बरोबर नाही. बेरियमचा धागा एमआरआयवर ओळखू येत नाही. शिवाय पोटात लोखंडी वस्तू असल्याची शंका असेल तर आधी एक्स-रे हवा, कारण एमआरआयचे लोहचुंबक फार जबरदस्त असते. कॅन्सर शोधण्यासाठी करतात त्या पेट स्कॅनमध्येही जुन्या कापडाभोवतीची सूज कॅन्सरसारखीच चमकू शकते.

"ऑपरेशन झालंच नाही"

आता मुख्य मुद्दा. यंत्र कितीही चांगले असले तरी डॉक्टरच्या मनात शंका आली तरच तो धागा शोधतो, आणि शंका येते ती जुन्या ऑपरेशनची हकीकत कळली तर. ही हकीकत सांगण्यातच आपली माणसे कमी पडतात.

काही वर्षांपूर्वी जवळच्या खेड्यातील पंचेचाळिशीची एक बाई सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. बीजकोशाची गाठ, कॅन्सरची शंका, असा रिपोर्ट होता. घरात रडारड झालेली, नवऱ्याने पुण्याला न्यायची तयारी चालवलेली. तब्येत पाहिली तर बाई धडधाकट. मी विचारले, "पूर्वी पोटाचं काही ऑपरेशन झालं होतं का?" ती म्हणाली, "नाही जी." पोटावर बेंबीखाली उभा व्रण स्पष्ट दिसत होता. "मग ही खूण कसली, ताई?" तेव्हा बरोबर आलेली सासू म्हणाली, "ते व्हय? ते बाळतपण. धाकट्याच्या येळंला शिझर झालं होतं. आप्रेशन नाही झालं तिचं."

यात त्या दोघींचे खोटे काहीच नव्हते. आपल्याकडे बायकांच्या बोलण्यात 'ऑपरेशन' म्हणजे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन. सिझेरियन हे बाळंतपण असते, गर्भपिशवी काढली तर 'पिशवी काढली' म्हणतात आणि दुर्बिणीने झालेले तर कोणी मोजतच नाही. मी सीटीच्या फॉर्मवर 'चौदा वर्षांपूर्वी सिझेरियन, राहिलेल्या वस्तूची शंका' एवढी एक ओळ लिहिली. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांनी धागा दाखवून दिला. जिल्ह्याच्या सर्जनने ती गाठ काढली, बाई बरी झाली. ती ओळ नसती तर कदाचित पुण्यालाही हे कळले असते, पण कॅन्सरचे मोठे ऑपरेशन ठरवून पोट उघडल्यावर.

म्हणून डॉक्टरने विचारो न विचारो, पोटाची कोणतीही तपासणी करताना सांगावे, 'माझ्या पोटावर अमुक साली अमुक कारणाने चीर पडलेली आहे.' सिझेरियन, अपेंडिक्स, पिशवी, हर्निया, दुर्बिणीची छिद्रे, सगळे सांगावे. गरोदर असल्यास किंवा पाळी चुकली असल्यास तेही एक्स-रेपूर्वी सांगावे.

मात्र पोटात दुखले की लगेच 'काहीतरी राहिले' असे धरून चालू नये. ऑपरेशननंतर दुखण्याची सामान्य कारणे पुष्कळ आहेत. आतडी एकमेकांना चिकटणे, टाक्याच्या जागी हर्निया होणे, जखमेत जंतू शिरणे ही त्यांतली नेहमीची. काहीच तक्रार नसेल तर जुन्या ऑपरेशनसाठी फोटो काढायची गरज नाही, सीटीची तर नाहीच नाही, कारण त्यात किरणांचा मारा एक्स-रेपेक्षा बराच जास्त असतो. पण जखम पुन्हा पुन्हा वाहते, जखमेतून कापडाचे दोरे बाहेर येतात, ताप हटत नाही, पोटात नवी गाठ लागते किंवा एकाच जागी महिनोन्‌महिने दुखते, यांपैकी काही असेल तर ज्याने ऑपरेशन केले त्या सर्जनकडे आधी जावे आणि स्पष्ट विचारावे. जखमेतून आलेला दोरा घरी ओढून काढू नये.

ही टाळाटाळ किती महागात पडते याचे एक उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालात आहे. गोव्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरी करणाऱ्या एका परिचारिकेचे १९९३ साली पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. नंतर पोटात दुखत राहिले, ती वेदनाशामक गोळ्या घेत राहिली. २००२ साली ऑपरेशन करून आत राहिलेले गॉज काढले. तक्रार दाखल झाली २००४ मध्ये. न्यायालयाने ती मुदतबाह्य ठरवली. स्वतः परिचारिका असून नऊ वर्षांत मूळ सर्जनला एकदाही विचारले नाही, हे न्यायालयाला पटले नाही. ग्राहक कायद्यातील मुदत दोन वर्षांची आहे आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही तेवढीच आहे. उशिराला सबळ कारण असेल तर ग्राहक आयोग तो माफ करू शकतो, पण त्याचा भरवसा धरू नये. मला हा निकाल थोडा कडक वाटतो, कारण दुखणे अंगावर काढणे हा आपल्याकडच्या बायांचा स्वभावच झालेला आहे आणि 'गॅस असेल' म्हणून गोळी देणारे आमच्यातही कमी नाहीत.

पोटाबाहेरच्या दोन गोष्टीही सांगायला हव्यात. बाळंतपणात खालच्या बाजूला टाके घालताना किंवा रक्तस्राव थांबवताना योनिमार्गात गॉज ठेवतात. ते काढायचे राहिले तर आठ-दहा दिवसांत घाण वासाचा स्राव सुरू होतो, ताप येतो. यासाठी कोणताही फोटो लागत नाही, डॉक्टर किंवा सिस्टरने तपासले की पाच मिनिटांत उलगडा होतो. लाजेपोटी बाळंतीण सांगत नाही आणि आई-सासू 'बाळंतपणात असंच असतं' म्हणतात. मुद्दाम ठेवलेला बोळा असेल तर तो केव्हा काढायचा हे घरी सोडण्यापूर्वीच विचारून घ्यावे. नाकाच्या ऑपरेशननंतरच्या बोळ्यालाही हेच लागू.

दुसरी गोष्ट मूतखड्याची. खडा काढल्यावर मूत्रपिंड ते मूत्राशय अशी बारीक नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. ती विसरून राहिलेली वस्तू नव्हे, सर्जनने मुद्दाम ठेवलेली असते, पण ठरावीक आठवड्यांनी काढायची असते. दुखणे थांबले की रुग्ण फिरकत नाही. नळीवरच खडे धरतात, ती आत तुटते, मूत्रपिंड निकामी होऊ शकते. एक्स-रेवर ही नळी दोन्ही टोकांना आकड्यासारखी वळलेली स्पष्ट दिसते. घरात कोणाला ती घातली असेल तर कार्डावरची काढण्याची तारीख आजच पाहावी.

एक्स-रेवर दिसणारी प्रत्येक पांढरी खूण ही चूक नसते, हेही ध्यानात असू द्यावे. पित्ताशय काढल्यावर लावलेल्या धातूच्या छोट्या क्लिप, आतडे जोडताना मारलेल्या पिना, बायपासनंतर छातीच्या हाडाला घातलेल्या तारा, हाडातले पट्टी-स्क्रू, गर्भाशयातली तांबी ही सर्व कायमची किंवा ठरवून ठेवलेली असतात. त्या पाहून सर्जनशी भांडायला जाऊ नये. आत काय ठेवले आहे हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावे.

हे कार्ड जपणे रुग्णाच्याच हाती आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायचे असतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायचे असतात. त्यापुढे ते मिळतीलच असे नाही, आणि पोटातली गाठ तर दहा-पंधरा वर्षांनी दिसू शकते. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदीची प्रत आणि फिल्म एका जाड पाकिटात घालून कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात. गादीखाली दुमडून ठेवलेल्या फिल्मवर चरे पडतात आणि नेमका धागा पाहायचा तिथेच चरा असतो. सोनोग्राफीचे चकचकीत कागद काही वर्षांत फिके पडतात, त्यांची झेरॉक्स काढून ठेवावी. सीडी दिली असेल तर तिच्यावर नाव, तारीख आणि ऑपरेशनचे साल पेनने लिहावे. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण रिपोर्ट आणि फिल्म दोन्हींचा काढावा, नुसत्या रिपोर्टचा नाही, कारण दुसऱ्या डॉक्टरला चित्र स्वतः पाहावे लागते.